रानकेळं चघळायचं असतं

एकोणीस वर्षं मी एकाच दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करते आहे. नंबर लावायचे, ट्रे मांडायचा, लाळ ओढायची नळी धरायची आणि वेळ आली तर घाबरलेल्या माणसाचा हातही धरायचा. आमच्या डॉक्टरांचा हात फार हलका. बोलणं मात्र जेमतेम. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी आयुष्यभर गप्पा मारायच्या म्हटल्यावर आणखी काय होणार? ‘आ करा’, ‘दुखतंय?’, ‘चूळ भरा’ एवढ्या तीन वाक्यांवर त्यांचा संसारसुद्धा सुखाने चालला होता.

खाली दवाखाना आणि वर घर. डॉक्टरांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. त्या शाळेत गणित शिकवतात. तीन वर्षांपूर्वी वहिनींची आई गेली आणि त्यांचे वडील एक पत्र्याची पेटी घेऊन कायमचे इकडे राहायला आले. मी त्यांना काका म्हणू लागले. काका जन्मभर जीप चालवत होते, आणि तीही साधीसुधी नव्हे, झाडझुडपांची पाहणी करणाऱ्या सरकारी तुकडीची. वनस्पतीशास्त्राच्या एक मोठ्या बाई मागे बसायच्या आणि काका त्यांना जंगलाच्या तोंडापर्यंत न्यायचे. पुढे रस्ता संपला की बाईंची पेटी डोक्यावर घेऊन पायीसुद्धा जायचे.

इथे आल्यावर काकांना करायला काही उरलं नाही. सकाळचं वर्तमानपत्र ते जाहिरातींसकट दोनदा वाचत. मग खाली येऊन पेशंट बसतात त्या बाकावर बसत. एकदा कंटाळून त्यांनी त्या बाईंना पत्र टाकलं, ‘तब्येत कशी आहे’ म्हणून. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत एक ओळ होती, ‘मी ठणठणीत आहे, हे पेरून बघा,’ आणि कागदाच्या पुडीत मोजून बारा काळ्या बिया.

“रानकेळीच्या आहेत,” काका मला म्हणाले. आवाज असा, की जणू पाकिटातून नातवंडच निघालं.

“केळ्याला कुठे बी असते, काका?”

“बाजारातल्या केळ्याला नसते, ताई. ते केळं शिकून शहरात गेलेलं. हे त्याचे पणजोबा.”

बिया त्यांनी भिजवल्या आणि पेरल्या, त्याही कवळीचे साचे घ्यायला आम्ही जो रबरी वाडगा वापरतो, त्यात. डॉक्टर आठवडाभर वाडगा शोधत होते. सापडला तेव्हा त्यात माती होती आणि काका त्याच्याकडे टक लावून बसले होते. डॉक्टरांनी नवा वाडगा मागवला. पाच महिने काहीच झालं नाही. अकरा बिया कुजून गेल्या, आणि बाराव्या बीने एका मंगळवारी डोकं वर काढलं. त्या दिवशी काकांनी तपासून घ्यायला आलेल्या सगळ्या पेशंटना आत नेऊन ते रोप दाखवलं. एक बाई भूल दिलेल्या अवस्थेत त्याच्याकडे बघून रडल्या. काकांना वाटलं, आनंदाने.

मागच्या अंगणात बेसिनचं पाणी जिथे सुटतं, तिथे ते रोप लावलं. चुळा भरलेल्या पाण्यावर ते असं माजलं की दीड वर्षात त्याचं पान पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलं. वहिनी कढई उतरवायच्या ती पान बाजूला सारून.

काकांनी त्या केळीचा एक कणही वाया घालवला नाही. पानांत ते डबा बांधायचे. खोडाच्या सुकलेल्या सोपटांचे धागे ओढून त्यांनी दोरी वळली आणि मागचं फाटक, जे दोन वर्षं सुताराची वाट बघत होतं, ते बांधून टाकलं. चिकाचा डाग धुतला तरी जात नाही, हे डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरून आमच्या लक्षात आलंच होतं. काकांनी त्याचाही उपयोग काढला. दवाखान्याच्या प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यावर काडीने चिकाची खूण केली आणि तेव्हापासून लाँड्रीवाल्याकडे आमचा एकही टॉवेल बदलला गेला नाही. केळफूल आलं तेव्हा त्यांनी स्वतः चिरून शिजवलं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. वहिनी म्हणाल्या, “बाबा, पौष्टिक आहे.” यावरून चवीची कल्पना यावी.

आणि मग घड आला.

केळी बोटाएवढी, गुबगुबीत. पिकल्यावर असा वास सुटला की दवाखान्यातला औषधाचा वास पहिल्यांदाच हरला. सोलून बघितलं तर आत गर नावाला आणि बाकी सगळ्या बियाच. काळ्याभोर, मिरीएवढ्या, आणि दगडासारख्या टणक.

“चघळायचं असतं हे,” काका करून दाखवत. “गर ओढून घ्यायचा, बिया बाहेर. चावायचं मात्र अजिबात नाही.”

हे त्यांनी ज्याला सांगितलं नाही असा एकही माणूस नसेल. पण आपल्या हातात सोललेलं केळं असलं की माणूस कुणाचं ऐकतो? जन्मल्यापासूनची सवय. आणि काका हे केळं वाटायचे कुठे, तर दंतवैद्याच्या दाराशी, बाकावर बसलेल्या माणसांना.

पहिला मान वहिनींच्या मुख्याध्यापिकाबाईंचा. त्या दात साफ करून घ्यायला आल्या होत्या. काका बिया कशा काढायच्या हे सांगत असतानाच ‘कट्ट’ असा आवाज आला. मी आतून ऐकला. एकोणीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, तो आवाज दाढेचाच असतो. बाईंना तसंच खुर्चीत घेतलं. डॉक्टरांनी घाम पुसत फुकट कॅप बसवून दिली. वहिनींना पुढचा महिनाभर रोज शेवटचा तास आणि मधली सुट्टी सांभाळायची ड्यूटी लागली.

दुसरा आमच्या गल्लीतला शिंपी. तो टाचण्या दातांत धरतो. समोरचाच दात गेल्यावर त्याच्या टाचण्या फटीतून खाली पडू लागल्या.

यानंतर काकांनी पाटी लावली. पुठ्ठ्यावर, मोठ्या अक्षरात: ‘केळे चघळावे. चावल्यास जबाबदारी दातांची.’

“बाबा,” वहिनी म्हणाल्या, “पाटी लावण्यापेक्षा वाटणं बंद करा ना.”

“अगं, बाईंनी त्या बिया मला विश्वासाने पाठवल्यात. लोकांना कळायला नको, आपण काय खातो ते कुठून आलं?”

तिसरा पेशंट आला तो टोपी डोळ्यांवर ओढून आणि नाव सांगायला का कू करत. दाढ किडली होती. बाकावर बसला, पाटी वाचली, हसला आणि हसता हसता चावला. खुर्चीत घेतल्यावर उलगडा झाला. तो वळणावरच्या डॉक्टरांचा सख्खा मेहुणा होता. वळणावरचे डॉक्टर म्हणजे आमचे प्रतिस्पर्धी. त्यांच्या दवाखान्यात माशांची काचपेटी आहे आणि गाणी लावतात. मेहुण्याचा बहिणीच्या नवऱ्याच्या हातावर भरवसा नव्हता, म्हणून तो लपूनछपून आमच्याकडे आला होता. आता सुजलेला गाल घेऊन घरी काय सांगणार? खरं तेच सांगावं लागलं.

आठ दिवसांत डेंटल कौन्सिलकडून पत्र आलं. तक्रारीचा मजकूर असा: ‘सदर दंतवैद्य पेशंटना दगडासारखी फळे खाऊ घालून दात मोडतात व नंतर तेच बसवतात.’ खाली वळणावरच्या डॉक्टरांची झोकदार सही. तपासणीला गुरुवारी अधिकारी येणार होत्या.

वहिनींनी पत्र दोनदा वाचलं आणि गणित मांडल्यासारखं सांगितलं, “झाड तोडायचं. आज.”

डॉक्टर हातात करवत घेऊन अंगणात गेले. मी मागोमाग, कारण काका काय करतील याचा धाक होता. डॉक्टरांनी तीन वर्षांत सासऱ्यांशी तीन वाक्यांपलीकडे बोलणं केलेलं नव्हतं, आणि आता चौथं हे.

“बाबा,” ते घसा खाकरून म्हणाले, “मला वाईट वाटतंय, पण झाड तोडावं लागेल.”

“मग तोडा की,” काका म्हणाले.

डॉक्टरांनी उचललेली करवत खाली केली.

“घड काढल्यावर हे खोड मरतंच, जावईबापू. मीच तोडणार होतो रविवारी. बुंध्याशी बघा, तीन पिल्लं उभी आहेत.”

सगळं धैर्य एकवटून आणलेला माणूस असा रिकामा पडला की त्याला हातातल्या करवतीचं काय करावं कळेना. काकांनीच ती घेतली, चार झटक्यांत खोड आडवं केलं आणि घडाची शेवटची फणी समोर धरली.

“एक सांगू? सगळ्या गावाने चाखलं. तुम्ही एकदाही नाही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे. मग ते उलट्या बादलीवर बसले आणि केळं सोललं. नीट, जपून, जिभेने गर ओढला. बी थुंकली. चेहरा बदलला.

“गोड आहे,” ते म्हणाले. “म्हणजे खूपच गोड आहे, बाबा. ही कुठे सापडते मुळात?”

झालं. कुणी विचारावं म्हणून तीन वर्षं थांबलेला माणूस तो. काका पायरीवर बसले आणि सांगू लागले. कशी बाईंबरोबर त्यांनी एक आख्खी दरी पालथी घातली. कुठल्या तरी जुन्या काळी अशाच एखाद्या रानकेळीला चुकून बी नसलेलं फळ धरलं, ते कुणाच्या तरी जिभेला आवडलं आणि त्याने तिचं पिल्लू उपटून दारात लावलं. त्याच्या पिल्लाचं पिल्लू, त्याचं पिल्लू, असं करत करत ते बागांमध्ये पसरलं.

“पण त्यात एक घोळ झाला,” काका पुढे सरकले. “सगळी एकाच खोडाची पिल्लं. एकाला रोग लागला की सगळ्यांना लागतो. बागा उभ्याच्या उभ्या झोपतात. आणि रानातली ही? बीपासून येते, म्हणून प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. दहा मरतील, दोन तगतील. बाई म्हणायच्या, ड्रायव्हर, शहरातल्या पोरांवर संकट आलं की औषध विचारायला पणजोबांकडेच यावं लागतं. एकदा तर जीपच्या इंजिनाचा पट्टा तुटला, तेव्हा याच केळीच्या सोपटाचा वळून...”

“केळीचा पट्टा? जीपला?” डॉक्टर ओरडले, “किती किलोमीटर गेलात?”

“दोन.”

“दोन!” असं म्हणून डॉक्टर मनापासून हसले, हातातलं दुसरं केळं तोंडात टाकलं आणि रंगात येऊन चावले.

कट्ट.

वरची दाढ, मुळापर्यंत. डॉक्टरांनी आरशात बघून स्वतःच काम करायचा प्रयत्न केला. मी आरसा धरला, नळी धरली. त्यांनी भुलीचं इंजेक्शन टोचलं ते नेमकं ओठात. आरशात सगळं उलटं दिसतं, हे इतक्या वर्षांत आम्हा दोघांनाही आठवलं नाही. खालचा ओठ लोंबू लागला, दाढ ठणकतच राहिली. आमच्या गावात दंतवैद्य दोनच. एक इथे ओठ लोंबवून बसला होता. दुसरा वळणावर होता.

काका म्हणाले, “मी येतो बरोबर. माझ्यामुळे झालंय.”

मीही गेले. असा दिवस कोण चुकवतं?

वळणावरच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना दारात बघितलं तेव्हा त्यांच्या तोंडावर जे उजाडलं, ते मी विसरणार नाही. खुर्ची स्वतः पुसली. गाणं बंद केलं.

“आ करा,” ते म्हणाले. मग आरामात, “तर डॉक्टर, पेशंटचे दात मोडायचे हे काय नवीन काढलंत?”

“आं-आं,” आमचे डॉक्टर म्हणाले. तोंडात दोन बोळे आणि एक चिमटा होता. जन्मभर जे दुसऱ्यांना केलं, ते आज त्यांच्या वाट्याला आलं होतं.

“मी सांगतो,” काका स्टूल ओढून बसले. “दात झाडाने मोडले. आणि झाडाची बाजू कुणीच ऐकली नाही.”

मग त्यांनी ती सांगितली. दरी, बाई, पणजोबा, टॉवेल, दोरी, जीपचा पट्टा. वळणावरचे डॉक्टर आधी नुसते हुं हुं करत होते. रोगाने बागा झोपल्याचं ऐकल्यावर त्यांनी ड्रिल थांबवलं. पट्टा तुटला तेव्हा तर त्यांनी मास्कच खाली केला. आमचे डॉक्टर तोंड उघडं ठेवून छताकडे बघत पडले होते. अर्ध्या तासाचं काम दोन तास चाललं, पण काम झकास झालं. ते मी प्रामाणिकपणे सांगते.

निघताना वळणावरच्या डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं.

“ती पिल्लं म्हणालात, तीन आहेत ना? त्यातलं एक मिळेल?”

“अवश्य. पण तुम्हाला कशाला?”

“मेहुणा दर रविवारी जेवायला येतो,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “आणि दात दाखवायला तुमच्याकडे जातो.”

दुसऱ्या दिवशी पिल्लू त्यांच्या अंगणात लागलं. काका सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे, खत किती आणि पाणी किती ते सांगायला. आणि ज्याच्या स्वतःच्या अंगणात रानकेळ उभी आहे, तो रानकेळीविरुद्ध तक्रार कशी चालवणार? बुधवारी त्यांनीच कौन्सिलला दुसरं पत्र धाडलं.

गुरुवारी अधिकारी आल्या. करारी बाई, चष्मा साखळीला. त्यांनी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तक्रार आणि तक्रार मागे, दोन्हींवर तीच झोकदार सही.

“एवढ्यात नेमकं काय झालं?” त्यांनी विचारलं.

डॉक्टर बोलायला गेले, पण त्यांचा गाल अजून सुजलेला होता. त्यांनी सासऱ्यांकडे बोट दाखवलं आणि, मी स्वतः ऐकलं, म्हणाले, “बाबा सांगतील. ते छान सांगतात.”

काकांनी खुर्ची पुढे घेतली. मी बाहेर जाऊन अधिकारी बाईंच्या ड्रायव्हरला सांगितलं, बाबा रे, गाडी सावलीत लाव.