खालची खोली

"बाराच फासळ्या येतात, अक्का," टेप गुंडाळत ल्युबेन म्हणाला. "सोळा चौरस मीटर, मीटरला शंभर वॅट, झाले सोळाशे. कोपऱ्याची खोली, उत्तरेची खिडकी, म्हणून वर पाचवा हिस्सा. फासळीमागे एकशे साठ धर. खोली तापवणाऱ्या तुझ्या रेडिएटरला बारा आहेत."

"हिशेब गरम आहे रे तुझा. खोली गार आहे," दोचका म्हणाली.

पलंगावर तिचा नवरा त्सानो कानांपर्यंत टोपी ओढून पडला होता. अर्धं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. "माझ्याही मोज. बाराच जोड्या आहेत, आणि त्याही गारच."

भिंतीवर पारा सतराला होता. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बावीसच्या खाली नको. आणखी एकदा छाती भरली तर निभणार नाही.

रूसे शहरातल्या या आठ मजली इमारतीतला प्रत्येक रेडिएटर ल्युबेननेच बसवलेला. कोणी चोरून फासळ्या वाढवल्या आणि कोण बैठकीत शपथेवर नाही म्हणालं, हे तो जिन्यातल्या नळीला हात लावून सांगायचा. पस्तीस वर्षांत त्याचा हिशेब चुकला नव्हता, आणि हे तो सांगायलाही चुकला नव्हता.

"तीन वाढव ना."

"वाढवल्या तर वरच्या मजल्यांना कोमट पाणी जाईल. शिव्या मी खायच्या?" त्याने वही काढली. "थांब, पुन्हा मांडतो."

भिंती. खिडकी. वर: गरम खोली. खाली: गरम खोली. हात सवयीने लिहीत गेला.

दोचकाने वहीत डोकावून पाहिलं. मग कॉफीचा पेला त्याच्याकडे सरकवला.

"गेल्या हिवाळ्यात याच बारांवर आम्ही बनियनवर बसायचो," ती म्हणाली. "तेव्हा खाली रुस्का होती."

त्सानोने टोपी आणखी खाली ओढली.

ल्युबेनने कॉफी संपवली. खालचं घर त्याचंच होतं. मार्चमध्ये बायकोला, रुस्काला, पुरून आल्यावर त्याने तिच्या खोलीतल्या रेडिएटरचा कॉक बंद केला, दार ओढलं आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायला लागला. घराच्या बाहेरच्या दारावर, रिवाजाप्रमाणे, तिचा फोटो असलेला मृत्यूचा कागद. चाळीस दिवसांचा काढून सहा महिन्यांचाही त्यानेच चिकटवला होता. त्यातलं काहीच वहीत नव्हतं.

त्याने 'खाली'समोरचं 'गरम' खोडलं. त्याजागी 'बंद' लिहिलं. बेरीज केली नाही.

"उद्या सकाळी बघ पारा," तो म्हणाला आणि उठला.

घरी येऊन त्याने रुस्काच्या खोलीचं दार उघडलं. कपाटावर तिने ओळीने मांडलेली क्विन्सची फळं सुकून अक्रोडाएवढी झाली होती. कॉक गच्च बसला होता. पान्याने फिरवावा लागला. त्याने रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढली, खाली वाटी धरली. काळं पाणी आलं, मग स्वच्छ. एकेका फासळीवर तळवा ठेवत तो गेला. बाराही तापेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. अंगातला कोट काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

सकाळी वरून रेडिएटरच्या नळीवर चमच्याचे तीन टोले पडले.

वीस वर्षं असेच पडायचे. कॉफी उकळली, ये, असा दोचकाचा रुस्काला निरोप. दोन उलटे टोले म्हणजे रुस्काचं उत्तर, 'आले'.

ल्युबेन खोलीत गेला. खिडकीच्या कट्ट्यावर रुस्काचा चमचा होता, दांडा ठोकून ठोकून वाकलेला. त्याने तो उचलला आणि नळीवर दोनदा वाजवला.