मामा म्वीबा

मित्रांनो, अंजिराच्या झाडाखाली पालथी पडलेली ती जुनी होडी मीच. माझ्या फटींतला कापूस कधीच गळून गेला आहे. आता कोंबड्या माझ्या सावलीत अंडी घालतात.

केनियातल्या आमच्या मोठ्या सरोवरावर ओबुन्गाने मला बांधून घेतलं, तेव्हा पाणी मासळीने भरलेलं असे. पहाटे शीड उभारून मी निघायची आणि दुपारी जड पोटाने परतायची. काठावर टोपल्या घेऊन बायका वाट पाहत. त्यांच्यात उंच, सावकाश बोलणारी अपोंदी असायची. ती आणि ओबुन्गा याच वाळूत खेळून वाढलेले.

पुढे मासे घटले. लोक मच्छरदाण्यांची जाळी करून पिल्लंसुद्धा ओढू लागले. त्याच सुमारास अपोंदी परिषदेवर निवडून आली. मच्छरदाणी पाण्यात उतरणार नाही, आणि मासे अंडी घालतात ते चार महिने सरोवराची खाडी मासेमारीला बंद, असा ठराव तिने करून घेतला. पुरुषांनी विनवलं, धमकावलं, तिच्या नवऱ्याकडे गाऱ्हाणं नेलं. ती हलली नाही. तेव्हा तिला नाव पडलं, मामा म्वीबा. आमच्याकडे मामा म्हणजे आई आणि म्वीबा म्हणजे काटा. पायात रुततो तो, आणि घशात अडकतो तोही. पुरुष पुढाऱ्यांना लोक सिंह म्हणत, हत्ती म्हणत. तिच्या वाट्याला काटा आला.

ओबुन्गाही चोरून मच्छरदाणी टाकायचा. एके सकाळी अपोंदीने ती सगळ्यांदेखत जाळली. त्या जाळ्यातून नखाएवढी पिल्लं माझ्या पोटात ओतलेली मी पाहिली होती, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही. ओबुन्गा मात्र पेटला. त्याने माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तिचं ते नाव पिवळ्या रंगात ठसठशीत लिहिलं. काठभर हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिने नाव वाचलं.

"ओबुन्गा, एक अक्षर गाळलंयस," ती म्हणाली. "माझं नाव पाण्यावर मिरवणार, तर नीट तरी लिही."

त्याने खाली मान घालून ते अक्षर घातलं.

खाडी बंद असलेले महिने फार कठीण गेले. ओबुन्गाच्या घरी नुसती उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पाला. त्याच्या बायकोने अपोंदीशी बोलणं टाकलं. पण दुसऱ्या वर्षी मासळीने भरलेलं जाळं ओबुन्गाच्या हातांतून निसटता निसटता राहिलं. इतकं वजन ते हात विसरून गेले होते.

पुन्हा निवडणूक आली. हा घशातला काटा परत गिळणार का, असं विरोधी उमेदवाराने भर सभेत विचारलं. ओबुन्गा उठला. "बिनकाट्याचा मासा मी तरी अजून पकडलेला नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. या वेळी लोक अपोंदीच्या बाजूने हसले. त्या दिवसापासून ते नाव लाडाचं झालं. पोरी ते गाण्यात गात. पलीकडच्या बेटावरच्या बायका माझ्यात बसून मतदानाला आल्या आणि ती पुन्हा निवडून आली. माझे ते वैभवाचे दिवस होते, मित्रांनो.

तिसऱ्या निवडणुकीत ती हरली. सकाळी एकटीच येऊन माझ्या काठाला टेकली. ओबुन्गा जाळं विणत होता. तोही आता तिला मामा म्हणायचा, तुम्ही म्हणायचा.

"इतकी वर्षं मला कुणी माझ्या नावाने हाक मारली नाही," ती म्हणाली. "नातवंडंसुद्धा म्वीबा म्हणतात. बरं वाटायचं. काल मात्र वाटलं, काटा तर हरला. मग घरी आलं ते कोण?"

ओबुन्गाने हातातली गाठ अर्धीच सोडली. मग जाळं बाजूला सारून जागा केली.

"अपोंदी, ये इकडे," तो म्हणाला. "उन्हात बसू नकोस."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली, आणि खांद्यावरच्या कापडाने डोळे पुसत राहिली.

आता दोघंही नाहीत. मित्रांनो, ताठ मानेच्या बाईला नावं ठेवायला वेळ लागत नाही. ती स्वतःचं नाव कुठे ठेवून आली, हे कुणी विचारत नाही. माझी डागडुजी केली नाहीत तरी चालेल. पण जमलं तर थोडा रंग आणा आणि माझ्या नाळेवर तिचं खरं नावही लिहा. लहानसंच आहे. जागा पुरेल.