गंजातला हात

बाळांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराची. मधोमध तुमच्या खाटेपेक्षा लांबलचक, जाडजूड लोखंडी यंत्र. त्याला लेथ म्हणतात. त्यात लोखंडाचा दांडा अडकवून गरगर फिरवायचा, वर धारदार हत्यार टेकवायचं, की बटाट्याच्या सालीसारखा कीस निघतो आणि दांडा हवा तसा घडतो. दिसली खोली? आता तिथला सगळा आवाज काढून टाका.

कारण लेथ चालवणारी आई तापाने गेली होती, आणि बाबांनी त्या दाराला कुलूप घातलं होतं.

मागे राहिली तिची लेक, चिमटी. हे नाव आईनेच ठेवलेलं. शाळेतून आली की ती कुलपाखालच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. घरात बाबा असायचे, पण असून नसल्यासारखे.

पूर्वी दर रविवारी मायलेकी यंत्राला तेल द्यायच्या. यंत्राचं लाडकं नाव म्हातारबुवा. "आधी म्हातारबुवांचं, मग आपलं," आई म्हणायची. पहिल्यांदा ब्रशने कीस झाडायचा. मग कुपीने एकेका भोकात तेलाचे थेंब. पुढच्या गोल काचेला त्या डोळा म्हणत. त्यात तेल अर्ध्यापर्यंत दिसलं की म्हातारबुवांचं पोट भरलं. शेवटी हत्याराचा गाडा ज्यांवरून सरकतो, त्या रुंद सपाट रुळांवर तेल. ते मात्र आई उघड्या तळहाताने पसरायची. "राहिलेला कण चिंधीला कळत नाही, हाताला कळतो." आणि एक सक्त ताकीद होती: ओल्या हाताने रुळाला शिवायचं नाही.

शेवटी शेजारचे मिस्त्रीकाका बाबांच्या मागेच लागले. "अहो, बंद यंत्र सडतं. निदान तेल तरी देऊ या." बाबांनी किल्ली दिली, पण स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबले.

दिवा लागला. पुढच्या रुळावर गंजाचा तांबूस पंजा उमटला होता.

"हा कोणाचा पराक्रम?" म्हणत काका वाकले. पंजाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. चिमटीच्या आईची ती करंगळी सगळ्या गल्लीच्या ओळखीची होती.

चिमटीला तो शेवटचा रविवार आठवला. घामाने निथळणारी आई रुळावर हात टेकून उभी राहिली होती. "आज राहू दे गं, उद्या देऊ तेल," म्हणत ती आत जाऊन पडली. तो उद्या आलाच नाही.

"ते पुसायचं नाही," बाबा बाहेरूनच म्हणाले.

"नाही पुसलं तर गंज आत उतरेल. रुळाला खड्डे पडले की गाडा अडखळणार. मग हे यंत्र भंगारातच."

"जाऊ दे भंगारात. तेवढाच तिचा हात उरलाय, मिस्त्री."

 काका गुडघ्यांवर हात टेकून चिमटीसमोर बसले. "चिमटे, तू सांग. रविवारची तेलवाली तूच ना आता."

चिमटीने हात फ्रॉकला खसाखसा पुसून कोरडा केला आणि त्या पंजावर ठेवला. लोखंड गार होतं. तिची बोटं आईच्या बोटांच्या निम्म्यापर्यंतच पोचत होती. उद्या आठवण आली, तर इथे येऊन असाच हात ठेवता येईल, तिला वाटलं. पण मग गाडा कधीच सरकणार नाही, आणि खोली अशीच गप्प राहील.

"आईने हे बघितलं असतं ना," ती म्हणाली, "तर स्वतःवरच ओरडली असती."

बाहेरून बाबांचा हुंदका आला की हसू, ते नीट कळलं नाही.

"बाबा, डोळा बघा ना. मला तिरपं दिसतंय."

 उंबऱ्यावर चपलांचा आवाज झाला. बाबा आत आले, काचेपाशी वाकले. "अर्ध्याच्या खाली गेलंय," ते म्हणाले. त्यांनी तेलाचा डबा शोधायला फळीकडे हात नेला.

चिमटीने आधी ब्रश घेऊन कीस झाडला. काकांनी दिलेल्या बारीक पॉलिशकागदावर तेल घेऊन ती हलक्या हाताने घासत राहिली. अंगठा गेला, बोटं गेली. वाकडी करंगळी तिने सगळ्यात शेवटी पुसली. मग चिंधीने रूळ पुसून ती बाजूला ठेवली, स्वच्छ रुळावर कुपीने तेलाची धार सोडली, आणि उघड्या तळहाताने ती पसरू लागली.