आठ बायकांची तालीम

सयाजीरावांच्या तालमीनं अनुदानासाठी अर्ज केलाय, हे कळताच दीपश्रीनं ती फाइल स्वतःकडे मागून घेतली. क्रीडा खात्यात जागेची पाहणी करून अहवाल पाठवणं हे तिचं काम. सयाजीराव तिचे सख्खे काका. दुसऱ्या कुणी शहाण्या बाईनं घरची फाइल सहकाऱ्याकडे सरकवली असती. पण दीपश्री अकरा वर्षं या दिवसाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, आणि शहाणपण तिला नकोच होतं.

कानडी मुलखातल्या बन्नीमंटप मैदानामागच्या गल्लीत ही तालीम, आणि काका तिथले वस्ताद. कॉलेजात असताना ती कुस्ती शिकायला हौद्यात उतरली, तर त्यांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि गल्लीतून घरापर्यंत नेलं. तेवढ्यावर भागलं नाही. बाईचा पाय लागला म्हणून पोरांना लावून हौद्यातली सगळी माती उपसली आणि नवी भरली. उपसलेला ढीग दोन दिवस रस्त्यावर पडून होता, येणाराजाणारा विचारत होता. दीपश्री पुन्हा कुस्तीच्या वाटेला गेली नाही.

आता तालमीचं छप्पर वाकलं होतं. महिनाअखेरपर्यंत दुरुस्तीचा निधी मंजूर झाला नाही, तर पालिका कुलूप ठोकणार होती. आणि निधीची अट अशी, की तिथं निदान आठ स्त्रिया सराव करत असल्या पाहिजेत.

काकांनी आठ नावं दिली होती. बारशाचं आमंत्रण करावं तशी घरातली, शेजारची, सुचतील ती. भागीरथीबाई, म्हणजे खुद्द काकू, गुडघ्यांनी बेजार, यादीत वय मात्र तेवीस. आठवं नाव दीपश्रीचं.

"काका, ही आठवी कोण?" तिनं पाहणीला आल्यावर सगळ्या पठ्ठ्यांसमोर विचारलं.

"सुम्ने, उगीच लिहिलं गं. घरातलंच नाव की."

"चारच्या आत सगळ्या हौद्यात दिसू देत. फोटो लागतो. नाहीतर यादी खोटी म्हणून लिहिते."

"पोरांसमोर असं नको करू, मगळे."

"मगळे? तुमची लेक कधीपासून झाले मी? नोडी, घड्याळ बघा, साडेबारा वाजले."

काका दारोदार निघाले. ती मुद्दाम मागोमाग गेली. ज्या दारांसमोरून तिला दंडाला धरून नेलं होतं, त्याच दारांत हा माणूस हात जोडून उभा राहत होता. तिला ते इतकं गोड लागलं, की जेवणाची आठवणसुद्धा झाली नाही.

चारला सात बायका हौद्यात उतरल्या. काकांनी स्वतःच्या हातानं एकेकीच्या कपाळाला माती लावली. चाळीस वर्षं उंबऱ्याबाहेरून बदामाचं दूध देणाऱ्या भागीरथीबाई पदर खोचून मातीत बसल्या आणि मुठीत माती चोळत राहिल्या. शेजारच्या अन्वितानं, कॉलेजातल्या पोरीनं, बघताबघता पन्नास बैठका मारल्या.

दीपश्रीनं फोटो काढले आणि पायरीवर बसून लिहिलं: 'स्त्रिया केवळ पाहणीपुरत्या आणल्या. यादी बनावट. अनुदान देऊ नये.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिनं अहवाल पाठवला. अकरा वर्षांनी काळीज थंड झालं.

"वस्ताद, उद्या किती वाजता?" अन्वितानं विचारलं.

पठ्ठे फिदीफिदी हसले. सयाजीराव हसले नाहीत. कुणाकडे न बघता म्हणाले, "पहाटे पाचला. पोरांच्या आधी. केस घट्ट बांधून ये."

"मीपण येते," भागीरथीबाई म्हणाल्या. "मला काय जमतंय ते करीन."

काका होकाराची मान हलवून "सरी" म्हणाले.

दीपश्रीनं घाईघाईनं फोन उघडला. अहवाल दाखल झाला होता, आणि दाखल झालेला अहवाल मागे घ्यायची सोय नव्हती. तिनं दोनदा दाबून पाहिलं. काकांना मोडायला निघालेल्या हातानं तिनं या बायकांच्या तोंडावर दार लावलं होतं, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

अन्विता हात झटकत तिच्यापाशी आली. "अक्का, तुम्ही कुस्ती शिकणार होता म्हणे. उद्या याल काय आमच्याबरोबर?"

दीपश्री हो म्हणाली. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.