सृष्टीची पाचवी

सोळा जूनला नाशिकमधल्या शाळा उघडल्या, तसं द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मोहिनीचं स्वयंपाकघरही उघडलं. तिच्या लेकीची, सृष्टीची, पाचवी सुरू होत होती. चौथी तिनं गेल्या वर्षी याच ओट्याशेजारी पाटावर बसून केली होती. वर्गात पहिला नंबर तिचा होता आणि शेवटचाही तिचाच.

सृष्टी बोलताना अडखळायची. तिसरीत कविता म्हणताना ती 'प'वर अडकली. वर्ग हसला, ते एक वेळ ठीक होतं. पण बाईही हसल्या. त्यानंतर अकरा दिवस ती घरातसुद्धा बोलली नाही. बाराव्या दिवशी मोहिनी शाळेतून दाखला घेऊन आली. शेखर, तिचा नवरा, म्हणाला, "एक वर्ष बघू." वर्ष संपल्यावर दोघांपैकी कुणी विषय काढला नाही, म्हणून दुसरं मंजूर झालं.

पेठला राहणाऱ्या सासऱ्यांना मात्र हे कळवायचं राहून गेलं होतं. कोंडाजी गुरुजी चौतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेले. फोनवर त्यांनी विचारलं की शेखर सांगायचा, "शाळा चांगली आहे, अण्णा. घराजवळ आहे."

नातीला पहिल्या दिवशी शाळेत सोडावं म्हणून ते पहिल्या एसटीनं न सांगता आले.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी पाणी पिता पिता विचारलं.

मोहिनी पोहे परतत होती. "निघायचं नाही, अण्णा. शाळा इथंच भरते." मग तिनं सगळं सांगून टाकलं.

गुरुजींनी ओटा पाहिला, पाट पाहिला, पाटावरची सृष्टी पाहिली.

"हजेरी कोण घेतं?"

"एकच तर मुलगी आहे."

"म्हणून काय झालं?"

त्यांनी एक वही मागून घेतली, पट्टीनं रेघा मारल्या आणि खड्या आवाजात सृष्टीचं पूर्ण नाव पुकारलं. सृष्टी उभी राहिली.

"ह... ह..."

मोहिनीच्या तोंडातून शब्द निघणार, तोच गुरुजींनी हात वर केला. मग ते नुसते बसून राहिले. खाली दोन ट्रक एकमेकांना हॉर्न देऊन थकले. पोहे करपल्याचा वास आला; कुणी मागं वळलं नाही.

"हजर," सृष्टी म्हणाली.

गुरुजींनी वहीत उभी रेघ ओढली.

"माझ्या वर्गात लंका नावाची पोरगी होती," ते वहीकडेच बघत म्हणाले. "अशीच अडखळायची. वेळ जायचा, म्हणून मी तिचं नाव पुकारणं सोडलं. परस्पर हजेरी मांडायचो. चार वर्षं."

"मग?" मोहिनीनं विचारलं.

"मग एके दिवशी ती यायची बंद झाली. मला ते तीन दिवसांनी कळलं."

मोहिनीनं गॅस बंद केला. तिनं त्यांना पोहे वाढले. त्यांनी करपलेले पोहे मुकाट्यानं संपवले आणि दुपारच्या गाडीनं जायचं रद्द केलं.

ते दिवाळीपर्यंत राहिले. सृष्टीचं अडखळणं गेलं नाही. पण जुलैत एकदा त्यांनी तिचं अपूर्णांकाचं गणित चुकीचं ठरवलं, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि शब्दाशब्दाला अडत, पंचवीस मिनिटं भांडली. गणित तिचं बरोबर होतं. तसं कबूल करायला गुरुजींना संध्याकाळ झाली.