मत्तय जिथे थांबला

माझे भावजी छापखान्यात समास बघतात. आता हे कसलं काम, असं तुम्ही विचाराल. ताईचं लग्न ठरताना मीही विचारलं होतं. बायबलातल्या शुभवर्तमानात जिथे जिथे जुन्या संदेष्ट्यांचे शब्द येतात, तिथे समासात बारीक अक्षरांत त्यांचा पत्ता छापतात: हे यशयाचं, हे होशेयाचं, हे यिर्मयाचं. पत्ता बरोबर आहे ना, हे भावजी मूळ जागी जाऊन पाहतात. आणि एकदा गेले की लवकर परत येत नाहीत. नेमकं तेवढंच वाचून थांबणं त्यांना जमत नाही. पुढचं वचन, मग त्याच्या पुढचं. ताई म्हणायची, "यांना मीठ आणायला पाठवलं तर अख्खा बाजार बघून येतील आणि मीठ विसरतील."

काम तसं दोघांचंच होतं. जेवणाच्या टेबलाशी ताई छापील कागद मोठ्यानं वाचायची, भावजी समासावर बोट ठेवून ऐकायचे, आणि त्यांची ठमी टेबलाखाली बसून दोघांच्या पायांशी बडबड करायची. ठमी सात वर्षांची होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत पोर गेली.

अंत्यविधीला पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो भाग वाचला. राजानं गावातली लहान मुलं मारून टाकली, तेव्हा यिर्मयाचे शब्द पूर्ण झाले, असं मत्तय म्हणतो: त्या लोकांची आदिमाता राहेल लेकरांसाठी रडते आहे, कुणी समजूत घातलेली तिला नको आहे, कारण लेकरं आता नाहीत. ताई माझ्या खांद्यावर डोकं टाकून त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळी रडत होती. आणि आमचे भावजी उठून उभे राहिले. डोळे कोरडे, आवाज खणखणीत. म्हणाले, यिर्मया इथे थांबत नाही, पुढच्याच वचनात देव राहेलला रडं आवरायला सांगतो, तुझी मुलं परत येतील म्हणतो.

पोटच्या पोरीच्या शवपेटीसमोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लोकांना वाटलं, काय श्रद्धा आहे बापाची! ताईचं रडं मात्र तिथल्या तिथे बंद झालं. नंतर ती रडलीही नाही आणि कामापुरतं सोडून नवऱ्याशी बोललीही नाही. मागच्या महिन्यात एक दिवस बॅग घेऊन माझ्या दारात उभी.

"थोडे दिवस राहते गं."

"खुशाल राहा. पण थोडे म्हणजे किती?"

"बघू."

बॅगेत हिवाळ्याचे कपडेही होते. अजून उन्हाळा संपला नव्हता, तेव्हा काय ते मी समजले. ठमी गेली, आता हा संसारही जाणार, या विचारानं माझा जीव तुटत होता.

परवा संध्याकाळी भावजी आले. काखेत छापील कागदांचा गठ्ठा! बायको घर सोडून आली आहे आणि हा गृहस्थ काम घेऊन येतो. मी दारातच सुनावलं, "भावजी, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

"नवी आवृत्ती निघतेय," ते खाली बघत म्हणाले. "एका जागी अडलोय. तिला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

ताई हात पुसत बाहेर आली आणि टेबलाशी बसली. त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला. पान तेच होतं, राहेलच्या रडण्याचं. छापखान्याचा नियम असा, की जेवढे शब्द घेतले तेवढ्यांचाच पत्ता समासात द्यायचा. भावजींना या वेळी तो दोन वचनं पुढे न्यायचा होता.

"वाचणाऱ्यानं पुढचंही वाचावं म्हणून," ते म्हणाले. "तिथे आशा आहे. त्या दिवशी मला एवढंच सांगायचं होतं."

ताईनं पान जवळ ओढलं. मग तिनं विचारलं, "मत्तयाला यिर्मया माहीत होता ना चांगला?"

"म्हणजे काय! संदेष्टे त्याच्या जिभेवर होते. पानापानावर दाखले देतो तो."

"मग पुढचं वचनही त्याला ठाऊक असणार."

"असणारच."

"तरी त्यानं ते घेतलं नाही. का?"

भावजींना असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. ते सावरून बसले. "त्याचं असं आहे, यिर्मयाच्या वेळची मुलं शत्रूनं धरून नेली होती. दूर देशात होती, पण होती. ती परत येऊ शकत होती. मत्तयाच्या इथली मुलं..."

त्यांच्या हातातली पेन्सिल समासावरच अडली.

"बोला ना," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मत्तयाच्या इथली मुलं?"

"मेली होती," भावजी म्हणाले.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि तो एवढा मोठा माणूस हुंदके द्यायला लागला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"ठमी नाही यायची गं," ते म्हणाले. "आपली ठमी नाही यायची."

"नाही यायची," ताई म्हणाली. तिनं खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला लावली आणि तीही रडू लागली. गप्प व्हा, असं ती त्यांना म्हणाली नाही. मीही कुणाला म्हटलं नाही.