लाल गाडीची बाधा

गुरुवारी सकाळी चिखला गावच्या चौकात जत्रेसारखी गर्दी होती आणि मधोमध लाल गाडी बसली होती. उभी होती म्हणायची सोय नाही, इतकी ती जमिनीला टेकलेली. मँगनीजच्या ट्रकांचा मालक धनराज याने ही शर्यतीची गाडी नागपुराहून आणली, तेव्हा तिच्या लायकीचा रस्ता जिल्ह्यात कुठे आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या महिन्यापासून ती आपोआप पळू लागली होती. धनराजने पाय उचलला तरी वेग वाढतच जाई. एकदा तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात घुसली, एकदा पानठेल्यात. माणूस मेला नाही, हे नशीब.

"बाधा आहे, बच्चा," गतिनाथ महाराज म्हणाले. महाराज आधी ट्रॅक्टरची आणि बोअरवेलची भुतं काढत. आता त्यांची बढती झाली होती. "हे भूत पाचशे घोड्यांचं आहे. साध्या लिंबावर भागणार नाही."

गुण मात्र येई. दर गुरुवारी गाडी आतून-बाहेरून धुऊन उतारा केला की ती तीन-चार दिवस गाईसारखी वागे. मग पुन्हा उधळे. तिसऱ्या गुरुवारी महाराजांनी डोळे मिटून बाधा करणारीचं नावच पुकारलं: मासेवाली सखाबाई.

सखाबाई साठीची विधवा, तलावातले मासे चौकात विकणारी. पहिल्यांदा गाडी उधळली तेव्हा ती टोपली घेऊन रस्त्याकडेला बसली होती, एवढाच पुरावा. गावाने ठरवलं, आज तिने सगळ्यांसमोर बाधा काढायची, नाहीतर संध्याकाळच्या आत गाव सोडायचं. टोपली उचलून निघून जावं, इतका तिला राग आला होता. पण घर इथे, तलाव इथे. या वयात जाणार कुठे?

"गाडीच्या पायी नाक घास," महाराजांनी फर्मावलं.

"गाडीले पाय कुठं असते, महाराज?"

लोक हसले. महाराज गडबडले. "आत. जिथून ती पळते तिथं."

धनराजचा ड्रायव्हर भुपेंद्र याने मान खाली घालून दार उघडलं. सखाबाईने गुडघे टेकले, डोकं आत घातलं. डोळे भरून आले होते, ते पदराने पुसले आणि मग तिला दिसलं. पायाखाली अंथरलेलं काळं जाड रबर पुढे सरकून वेगाच्या पायपट्टीवर, ॲक्सिलरेटरवर, चढलं होतं आणि पट्टी दाबून बसलं होतं. जन्मभर गुंतलेली जाळी सोडवणाऱ्या बाईला हे ओळखायला मंत्र लागला नाही.

"भुपेंद्र, हे कायचं आहे?"

"खाणीत माल वाहाच्या पट्ट्याचं रबर, काकू. मँगनीजची धूळ गालिच्याले लागते म्हणून मालकानं भंगारातून आणून वर टाकलं."

"कधीपासून?"

भुपेंद्रने बोटांवर मोजलं. "झाला असन महिना."

"चालू कर गाडी."

त्याने पलीकडच्या दाराने हात घालून, गिअर न टाकता किल्ली फिरवली. इंजिन असं गरजलं की गर्दी चार पावलं मागे सरकली.

"पाहा, भूत बोललं," महाराज म्हणाले.

सखाबाईने रबर मागे ओढलं. गाडी शांत झाली. पुढे सरकवलं, गरजली. मागे ओढलं, पुन्हा शांत. तिसऱ्या खेपेला लोक महाराजांकडे पाहून हसू लागले.

"मंग उताऱ्यानं गुण कसा येत होता?" धनराजने विचारलं.

"धुतल्यावर मी रबर सरळ टाकतो, मालक," भुपेंद्र म्हणाला. "तुमच्या पायानं ते सरकत सरकत समोर जाते. पायाजवळ जागा वीतभर, अन् इंजिन असं, का जरा दाबलं तरी उधळते."

महाराज हटले नाहीत. "मीच आत्ता भूत त्या रबरात उतरवलं," म्हणाले. आणि खरं सांगायचं तर दोघं-तिघं रबराला हळदकुंकू लावायला पुढे झालेही. आपल्या लोकांची ही तयारी पाहून हसावं की रडावं, कळत नाही.

सखाबाईने रबर उचलून बाजूला फेकलं.

"इतकासा तुकडा सरकला अन् तुमी मले गावाबाहेर काढाले निघाले. महिनाभर एकानंबी वाकून पाह्यलं नाई. उद्या कोणाची मोटार बंद पडन, कोणाच्या पोराले ताप येईन. तवा मोटार खोलून पाहा, पोराले दवाखान्यात न्या. बाईचं नाव घ्याची घाई कायले?"

धनराज जवळ येऊन हळूच म्हणाला, "चुकलं, काकू."

"मोठ्यानं सांगा, भाऊ. माझं नाव मोठ्यानंच घेतलं होतं."

सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं धनराजने पुन्हा सांगितलं.